गणिताची उधारी

२६ सप्टेंबर २०२४ ला पंतप्रधान पुण्यात येणार होते. पावसाने शहराला असे झोडपले की दौराच रद्द करावा लागला. त्याच दिवशी दूरदृश्य यंत्रणेवरून त्यांनी जे महासंगणक देशाला अर्पण केले, त्यांतला एक पुण्यातच, पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत बसवलेला होता. त्याचे नाव अर्क आणि काम पावसाचा अंदाज बांधणे. नोएडातला त्याचा जोडीदार अरुणिका. हवामानासाठीच्या या यंत्रणेचा खर्च ८५० कोटी रुपये. एकट्या अर्कची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप्स, म्हणजे सेकंदाला सुमारे पावणेबारा हजार लाख कोटी आकडेमोडी.

आम्हा बदलापूरकरांना या आकड्याचे कौतुक वाटायला कारण आहे. उल्हास नदी घाटातून उतरते, कर्जत, नेरळ, वांगणी करत आमच्याकडे येते. उन्हाळ्यात तिला जे पाणी असते, ते बरेचसे भिवपुरीच्या टाटा वीजकेंद्रातून सोडलेले. पावसाळ्यात मात्र घाटमाथ्यावर रात्रभर कोसळले की सकाळी नदी रुळांवर. २६ जुलै २००५ चा महापूर इथे कुणी विसरलेले नाही. २७ जुलै २०१९ ला कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली. सुमारे १,०५० प्रवाशांना एनडीआरएफ, नौदल आणि गावकऱ्यांच्या मदतीने बाहेर काढावे लागले. जून २०२० मध्ये मुंबईसाठी 'आयफ्लोज' ही पूर-इशारा यंत्रणा सुरू झाली. मिठी, दहिसर, ओशिवरा, पोईसर यांच्याबरोबर तिने उल्हासही विचारात घेतली. हवामान खात्याचा अंदाज आत घालायचा आणि पाणी कुठवर चढेल याचे गणित बाहेर काढायचे, असे तिचे काम.

यंत्रावर जनतेचा पैसा खर्च झाला, तो योग्यच झाला. प्रश्न पुढचा आहे. यंत्राला काय करायचे ते सांगणारे गणित कुठून येते आणि त्याचे पैसे कोण देतो?

बारा किलोमीटरची चौकट

हवामानाचे प्रारूप पृथ्वीवर एक जाळे टाकते आणि जाळ्याच्या प्रत्येक चौकटीसाठी वारा, दाब, तापमान, बाष्प यांची समीकरणे सोडवते. आपल्याकडचे जागतिक प्रारूप बरीच वर्षे १२ किलोमीटरच्या चौकटीवर चालत होते. अंबरनाथ ते बदलापूर रेल्वेने जेमतेम आठ किलोमीटर. म्हणजे प्रारूपाच्या दृष्टीने दोन्ही गावे एकाच चौकटीत पडू शकत होती. अंबरनाथला ऊन आणि बदलापूरला धो-धो, हा आमचा नेहमीचा अनुभव त्यात उमटणार कसा? मे २०२५ मध्ये 'भारत फोरकास्ट सिस्टिम' सहा किलोमीटरच्या जाळ्यावर आली.

ऐकायला ही साधी निमपट. पण चौकटीची बाजू निम्मी केली की चौकटी चौपट होतात. शिवाय चौकट लहान झाली की गणित पुढे सरकवण्याचा कालखंडही तितकाच लहान घ्यावा लागतो, नाहीतर उत्तरे भरकटतात. कूरांट, फ्रीड्रिक्स आणि लेवी या तिघांनी हे १९२८ मध्येच दाखवून दिले होते, तेव्हा आजच्या अर्थाचा संगणक अस्तित्वात नव्हता. चार गुणिले दोन, म्हणजे काम आठपट. नुसती यंत्रे वाढवत गेलो तर तिजोरी कधीच पुरणार नाही. वाट निघते ती हिशेबाच्या रीतीतून.

त्यातली एक रीत १९६५ ची. कूली आणि टुकी यांनी अवघ्या पाच पानांच्या लेखात 'फास्ट फूरिए ट्रान्सफॉर्म' मांडला. १,०२४ बिंदूंवरचा हिशेब सरळ मार्गाने करायचा तर सुमारे साडेदहा लाख गुणाकार लागतात. या रीतीने सुमारे दहा हजारांत भागते. शंभरपट बचत, आणि बिंदू वाढतील तशी बचतही वाढते. जगातली अनेक हवामान प्रारूपे आजही या रीतीवर उभी आहेत. शंभरपट वेगवान यंत्राची किंमत कोणीही सांगेल, त्यासाठी निविदा निघते. पाच पानांच्या लेखाची निविदा काढता येत नाही.

इचलकरंजीतून प्रिन्स्टनला

महालक्ष्मी एक्सप्रेस ज्या कोल्हापूरला चालली होती, त्याच्या शेजारच्या इचलकरंजीत सुभाष खोत वाढले, मराठी माध्यमाच्या शाळेत शिकले. १९९४ आणि १९९५ च्या आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडमध्ये त्यांना रौप्यपदके मिळाली. १९९५ मध्येच ते आयआयटीच्या प्रवेश परीक्षेत देशात पहिले आले आणि पवईच्या आयआयटीत दाखल झाले. ऑलिम्पियाडची तयारी अणुऊर्जा विभागाच्या राष्ट्रीय उच्च गणित मंडळाच्या पैशातून होते, आयआयटी केंद्र सरकारच्या. इथवरचा खर्च आपला. पुढे प्रिन्स्टनला संशोधक विद्यार्थी असताना, २००२ मध्ये, त्यांनी 'युनिक गेम्स' ही अटकळ मांडली.

ती कशाबद्दल आहे? समजा, सोसायटीच्या सभासदांना दोन समित्यांत वाटायचे आहे, आणि ज्यांचे एकमेकांशी पटत नाही अशा जास्तीत जास्त जोड्या वेगळ्या समित्यांत गेल्या पाहिजेत. सभासद वीस असतील तर संगणक चुटकीसरशी सांगेल. दोनशे झाले तर एकेक वाटणी तपासायला विश्वाचे वयही अपुरे. मग अचूक उत्तराचा नाद सोडून जवळपासचे उत्तर शोधायचे. १९९५ मध्ये गोमन्स आणि विल्यमसन यांनी अशी जलद रीत काढली, की सर्वोत्तम उत्तराच्या सरासरी ८७.८ टक्क्यांपर्यंत मजल नक्की. खोत यांची अटकळ खरी असेल तर यापुढे कोणत्याही जलद रीतीला जाता येणारच नाही, हे त्यांनी सहकाऱ्यांबरोबर दाखवले. कुंपण कुठे आहे हे कळले की त्यापलीकडे डोके आपटण्यात पैसा वाया जात नाही. २०१४ मध्ये सोल येथे त्यांना नेव्हान्लिना पारितोषिक मिळाले. अटकळीच्या अर्ध्या वाटेवरचा मोठा टप्पा खोत, मिन्झर आणि सफ्रा यांनी २०१८ मध्ये सर केला. मधली सोळा वर्षे बाजारात विकता येईल असे काही निघाले नाही. तरी त्या काळात अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने २०१० चा वॉटरमन पुरस्कार देऊन खोत यांच्यावर पाच लाख डॉलर लावले.

खासगी कंपन्या हा खर्च का उचलत नाहीत, असे विचारले जाते. उचलतात, पण त्यांच्या अटींवर. नरेंद्र करमरकर हेही पवईचेच. १९८४ मध्ये बेल लॅबमध्ये असताना त्यांनी रेषीय नियोजनाची नवी रीत शोधली. कारखान्याचे उत्पादन, विमानांची वेळापत्रके, टेलिफोनच्या वाहिन्या, मर्यादित साधनांची उत्तम वाटणी करण्याचे हे गणित. बातमी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर झळकली. बेल लॅबची मालक असलेल्या एटी अँड टी कंपनीने रीतीचे पेटंट घेतले आणि यंत्रासह ती 'कोर्बएक्स' नावाने ८९ लाख डॉलरना विकायला काढली. गणिताला टाळे लागले म्हणून संशोधक चिडले. पुढे करमरकर मुंबईत टीआयएफआरमध्ये प्राध्यापक झाले.

टिफ्रॅक गेला, माणसे राहिली

टीआयएफआरचा, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा, जन्म १९४५ चा. सुरुवातीचा पैसा टाटा ट्रस्ट, तेव्हाचे मुंबई सरकार आणि भारत सरकार या तिघांचा. राज्य सरकार मूलभूत विज्ञानाला पैसे देत होते, हे आज मुद्दाम आठवावे लागते. होमी भाभांनी १९५४ मध्ये अमेरिकेतून परतलेल्या रंगस्वामी नरसिंहन यांच्याकडे संगणक बांधायचे काम दिले. गटातल्या बहुतेकांनी संगणक वापरलेला नव्हता. २,७०० निर्वात नळ्या आणि २,०४८ शब्दांची स्मृती असलेले यंत्र तयार झाले आणि १९६२ मध्ये नेहरूंनी त्याला टिफ्रॅक हे नाव दिले. १९६४ मध्ये अमेरिकी मदतीतून सीडीसी ३६०० हा संगणक आला आणि टिफ्रॅक कालबाह्य ठरला.

त्यावरचे पैसे बुडाले म्हणायचे का? यंत्र काही वर्षांत मोडीत निघाले, पण ते बांधताना घडलेली माणसे पुढे तीन-चार दशके कामाला आली. संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने टीआयएफआरमध्ये सॉफ्टवेअर विकासाचे राष्ट्रीय केंद्र उभे राहिले, त्यातूनच १९८५ मध्ये जुहूला एनसीएसटी ही सॉफ्टवेअरची संस्था झाली. १९८१ मध्ये बंगळुरूला संगणकशास्त्राच्या सैद्धांतिक पायावरची एफएसटीटीसीएस परिषद सुरू झाली, ती आजतागायत दर डिसेंबरात भरते. २००२ मध्ये आयआयटी कानपूरचे मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे विद्यार्थी नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी संख्या मूळ आहे की नाही हे ठरवणारी जलद आणि खात्रीची रीत दिली. त्यातून बीजगणिती गुंतागुंतीचा एक भारतीय संप्रदायच तयार झाला. २०२१ मध्ये याच विषयावरच्या निबंधाला अमेरिकेतल्या एफओसीएस या सैद्धांतिक संगणकशास्त्राच्या परिषदेत सर्वोत्तम निबंधाचा मान मिळाला. लेखक तिघे : नूतन लिमये, श्रीकांत श्रीनिवासन आणि फ्रान्सचे सेबास्तियां तावना. पहिले दोघे तेव्हा आयआयटी मुंबईचे प्राध्यापक, पण निबंध प्रसिद्ध होताना रजेवर डेन्मार्कला होते.

फीत कापता येईल असा खर्च

आता आजचा हिशेब मांडू. देशाचा संशोधनावरचा एकूण खर्च २०२०-२१ मध्ये सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के होता. २०१५ च्या राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनला ४,५०० कोटी, मार्च २०२४ च्या इंडिया एआय मिशनला १०,३७२ कोटी मंजूर झाले. अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाची घोषणा पाच वर्षांत ५०,००० कोटींची, पण त्यात सरकारचे १४,००० कोटी. उरलेले उद्योग आणि देणगीदारांकडून अपेक्षित. जुलै २०२५ मध्ये मंजूर झालेल्या एक लाख कोटींच्या संशोधन निधीची दारे तंत्रज्ञान सज्जतेच्या मोजपट्टीवर चौथ्या पायरीला पोचल्यावर उघडतात. सिद्धांत पहिल्या पायरीच्याही आधी असतो.

सैद्धांतिक काम करणाऱ्यासाठीची खास योजना म्हणजे 'मॅट्रिक्स'. वर्षाला दोन लाख रुपये, तीन वर्षे. गणित्याला प्रयोगशाळा लागत नाही, हे खरे. पण संगणकशास्त्रात महत्त्वाचे निबंध नियतकालिकांऐवजी परिषदांत प्रसिद्ध होतात आणि निबंध मांडायला तिथे हजर राहावे लागते. नोंदणी, विमानभाडे, व्हिसा, राहणे धरले तर एका परदेशवारीत वर्षाच्या अनुदानाचा मोठा वाटा संपतो. आणि ही योजना नियमित पदावरच्या प्राध्यापकांसाठी. आमच्या भागातल्या महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, शिकवणाऱ्याला तिचा उपयोग शून्य. त्याचे गणित कितीही पक्के असो, अर्जाच्या पहिल्याच रकान्यात तो बाद.

संशोधक विद्यार्थ्याची छात्रवृत्ती १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे महिना ३७,००० आणि नंतर ४२,००० रुपये आहे. ऐरोली किंवा हिंजवडीला नोकरी धरलेला त्याचा वर्गमित्र याहून कितीतरी जास्त कमावतो. तोही प्रश्न एकवेळ बाजूला ठेवू. खरी कटकट तारखेची आहे. पैसे सहा-सहा महिने येत नाहीत, मग एकदम थकबाकी जमा होते, अशी तक्रार देशभर ऐकू येते. आपल्या राज्यातही बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या संशोधकांना छात्रवृत्तीसाठी आंदोलनाला बसावे लागले आहे. बदलापुरात भाड्याने राहून रोज सीएसएमटीपर्यंत उभ्याने जाणाऱ्या मुलाला घरमालक थकबाकी चालवून घेत नाही. तो नोकरी धरतो. त्याच्याकडून जे सुचायचे ते सुचायचे राहते आणि त्याची नोंद कुठल्याच लेखापरीक्षणात होत नाही.

पाच वर्षांची ही छात्रवृत्ती, घरभाडे सोडून, २४ लाखांना पडते. हवामानाच्या महासंगणकांवरचे ८५० कोटी घ्या. त्याचा शेकडा एक हिस्सा साडेआठ कोटी. तेवढ्यात पस्तीस संशोधक पाच वर्षे पोसले जातील. यंत्राचे पैसे कापून ते द्या असे कोणी म्हणत नाही, यंत्रही हवेच. पण दर मोठ्या यंत्राच्या मंजुरीत शेकडा एक हिस्सा त्यावर चालणाऱ्या रीतींचा अभ्यास करणाऱ्यांसाठी बांधून ठेवता येईल.

हा हिस्सा दरसाल भांडून मिळवावा लागला तर उपयोग नाही. अमेरिकेत २०२६ च्या अर्थसंकल्पासाठी नॅशनल सायन्स फाउंडेशनचा निधी सुमारे नऊ अब्ज डॉलरवरून ३.९ अब्जांवर आणण्याचा प्रस्ताव आला. २०२५ च्या उन्हाळ्यात टेरेन्स ताओंसारख्या गणित्याचे अनुदानही काही काळ रोखले गेले. यंत्र बंद ठेवून सहा महिन्यांनी पुन्हा चालू करता येते. पांगलेला संशोधकांचा गट तसा चालू होत नाही.

यातले बहुतेक गणित कधीच उपयोगी पडणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. कोणते पडेल ते आधी सांगता येत नाही, म्हणूनच बाजार त्यात उतरत नाही आणि म्हणूनच तो सरकारचा खर्च ठरतो. धरण आणि रुळांइतकाच, फक्त पुष्कळ स्वस्त.

मागण्या तीनच आहेत. यंत्राच्या निधीत माणसांचा ठरलेला वाटा. पगारासारखी ठरल्या तारखेला छात्रवृत्ती. आणि मुंबई सरकारने १९४५ मध्ये केले तसे, राज्याने स्वतःच्या खिशातून दिलेले, सीएचबीवरच्या प्राध्यापकालाही खुले असलेले छोटे अनुदान. तिन्ही मिळूनही रक्कम एखाद्या उड्डाणपुलाच्या वाढीव खर्चात बसेल. फीत कापायला मात्र काही मिळणार नाही, आणि मंत्रालयात अडते ते बहुधा तिथेच.