बुरशीने समुद्र कसा ओलांडला?

फेब्रुवारी २००६ मध्ये न्यू यॉर्क राज्यातल्या एका गुहेत टिपलेल्या छायाचित्रात वटवाघळांच्या नाकावर पांढरी बुरशी दिसते. ‘व्हाइट-नोज सिंड्रोम’ या रोगाचा उत्तर अमेरिकेतला हा सर्वात जुना पुरावा. ही बुरशी थंडीतच वाढते. शीतनिद्रेत वटवाघळाचे शरीर गार पडते, प्रतिकारशक्ती मंदावते आणि बुरशी पंखांच्या त्वचेत शिरते. मग वटवाघूळ पुन्हा पुन्हा जागे होते, अंगातली चरबी वसंताआधीच संपते आणि ते उपाशी मरते. तीन प्रजातींची संख्या लागण झालेल्या भागांत नव्वद टक्क्यांहून अधिक घटली. युरोपातल्या वटवाघळांवरही हीच बुरशी आढळते, पण तिथे असे मृत्युसत्र नाही. यजमान आणि बुरशी यांची तिथली ओळख जुनी असावी.

बुरशी अमेरिकेत आधीपासूनच होती, पुढे ती घातक बनली, असा एक आक्षेप घेतला जातो. तो टिकत नाही. संग्रहालयांतले जुने नमुने तपासले, तेव्हा फ्रान्समध्ये १९१८ साली पकडलेल्या वटवाघळावर ती सापडली. जुन्या अमेरिकी नमुन्यांवर नाही. २०१२च्या प्रयोगात युरोपातल्या बुरशीनेही अमेरिकी वटवाघळे तितकीच आजारी पडली. म्हणजे घातकपणा अमेरिकेत आलेला नाही. शिवाय युरोपात तिच्यात जनुकीय विविधता भरपूर आहे, तर अमेरिकेतली सगळी बुरशी जणू एकाच बीजाची संतती.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: रोग पसरवतात ती वटवाघळेच, मग माणसाला दोष कशाला? अमेरिकेच्या आतल्या प्रसाराबाबत हे बहुतांशी खरे आहे. पण शीतनिद्रा घेणारी ही वटवाघळे अटलांटिकपार ये-जा करत नाहीत. बुरशीचे बीजाणू मात्र गुहेच्या मातीत वर्षानुवर्षे तग धरतात आणि बुटांना, दोरांना चिकटतात. २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या संशोधनाने अमेरिकी बुरशीचे सर्वात जवळचे नाते युक्रेनच्या पोदिलिया भागाशी जोडले. तिथल्या प्रचंड गुहा जगभरच्या गुहा-भटक्यांना खुणावतात. पुरावा परिस्थितीजन्य आहे. तरीही सगळे धागे माणसाकडेच जातात.

आता रोग आलाच आहे, तर बूट धुऊन काय उपयोग? उत्तर त्याच संशोधनात आहे. या रोगामागे एक नव्हे, दोन बुरशी-प्रजाती आहेत आणि अमेरिकेत पोहोचली आहे ती एकच. दुसरी तिथल्या आणखी प्रजातींना गाठू शकते. म्हणून गुहेत उतरणाऱ्याने एका खंडातले साहित्य दुसऱ्या खंडात न नेणे, हा आजही सर्वात स्वस्त उपाय आहे.