पहिली नोकरी आणि मधला माणूस

कावेरीच्या काठी वसलेले कुंभकोणम हे देवळांचे गाव म्हणून प्रसिद्ध आहे. मराठी माणसालाही ते अगदीच परके नाही. पुढे त्रावणकोर, इंदूर व बडोदा या संस्थानांचे दिवाणपद भूषविणारे, तंजावरच्या मराठी परंपरेतील सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ मध्ये येथेच झाला. बदलीच्या निमित्ताने या गावातील शाखेत काही वर्षे काढण्याचा योग मला आला. तेथील एक प्रसंग पहिल्या नोकरीच्या शोधातील तरुणांना व त्यांच्या पालकांना उपयोगी पडेल, म्हणून येथे सांगतो.

जवळच्या नाचियारकोविल येथे पितळी समया घडविणारे एक वृद्ध कारागीर आमचे जुने ठेवीदार होते. एके सकाळी ते आपल्या पदवीधर मुलाला घेऊन आले. पन्नास हजारांची मुदत ठेव त्यांना मुदतीपूर्वी मोडावयाची होती. नोकरी मिळवून देणाऱ्या एका एजन्सीमार्फत मुलाला नियुक्तीपत्र आले होते आणि नोंदणी, प्रशिक्षण व अनामत मिळून पंचेचाळीस हजार रुपये तीन दिवसांत भरावयाचे होते. कंपनीचा पत्ता पुण्याचा होता. "सार, हे तुमच्या पुण्याचे पत्र. एकदा वाचून सांगा," असे म्हणून त्यांनी ते माझ्यापुढे ठेवले.

पत्र देखणे होते. परंतु रक्कम भरावयाचे खाते कंपनीच्या नव्हे, एका व्यक्तीच्या नावे होते. शंका आली म्हणून पुण्यातील एका सहकाऱ्यास त्या पत्त्यावर जाऊन येण्याची विनंती केली. दुपारी त्याचा दूरध्वनी आला. तेथे झेरॉक्सचे दुकान होते व त्या कंपनीचे नाव कोणी ऐकलेलेही नव्हते.

ठेव वाचली. मुलगा मात्र मान खाली घालून बसला होता. "ज्यांची कोठे ओळख नाही, त्यांनी मग जावे तरी कोणाकडे?" त्याने विचारले.

प्रश्न रास्त होता. त्याचे एक उत्तर त्याच्याच गावात, सारंगपाणी मंदिरासमोरील रस्त्यावरच्या एका लहानशा घरात होते.

रामानुजन यांची पहिली नोकरी

ते घर गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन यांचे. कुंभकोणमच्या सरकारी महाविद्यालयात १९०४ मध्ये मिळालेली शिष्यवृत्ती गणितावाचून इतर विषयांकडे दुर्लक्ष झाल्याने त्यांनी गमावली. पुढे मद्रासलाही परीक्षेत अपयशच आले. १९०९ मध्ये विवाह झाला आणि नोकरी अटळ झाली. हाती पदवी नव्हती. होत्या त्या गणिताच्या वह्या.

त्या वह्या घेऊन ते १९१० मध्ये इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीचे संस्थापक व्ही. रामस्वामी अय्यर यांच्याकडे गेले. अय्यर सरकारी अधिकारी होते. परंतु अशा बुद्धिमान तरुणाला महसूल खात्याच्या तळाच्या जागेवर बसविणे त्यांना पटले नाही. त्यांनी मद्रासला ओळखपत्रे दिली. तेथे रामानुजन यांचे कुंभकोणमचे जुने अध्यापक पी. व्ही. शेषू अय्यर यांनी नेल्लोरचे जिल्हाधिकारी आर. रामचंद्र राव यांच्याकडे पाठविले. राव यांनी वह्या पाहिल्या, प्रश्न विचारले आणि काही काळ दरमहा २५ रुपयांचे साहाय्य केले. त्यानंतर महालेखापाल कार्यालयात २० रुपयांची तात्पुरती जागा मिळाली.

९ फेब्रुवारी १९१२ रोजी रामानुजन यांनी मद्रास पोर्ट ट्रस्टकडे कारकुनाच्या जागेसाठी अर्ज केला. शिक्षण पुढे चालू ठेवता आले नाही, हे त्यात त्यांनी लपविले नाही. सोबत प्रेसिडेन्सी कॉलेजचे गणिताचे प्राध्यापक मिडलमस्ट यांचे शिफारसपत्र जोडले. १ मार्च १९१२ पासून ३० रुपये पगारावर ते रुजू झाले. याच नोकरीत असताना जानेवारी १९१३ मध्ये त्यांनी केंब्रिजच्या प्रा. हार्डी यांना ते सुप्रसिद्ध पत्र लिहिले.

या साखळीतील प्रत्येक मधल्या माणसाने आधी उमेदवाराचे काम पाहिले, मग आपले नाव पणाला लावून पुढची ओळख करून दिली. आणि उमेदवाराकडून एक पैसाही घेतला नाही. आजची एजन्सी पारखण्याची कसोटीही हीच आहे.

एजन्सीकडे जाताना

चांगली एजन्सी नियोक्त्यासाठी माणसे शोधते; म्हणून तिचे शुल्क नियोक्ता देतो. उमेदवाराकडे अनामत मागितली जात असेल, तर तेथूनच परत फिरावे. पुढील गोष्टीही ध्यानात ठेवाव्यात:

• मूळ प्रमाणपत्रे कोणाकडेही ठेवू नयेत. साक्षांकित प्रती द्याव्यात.

• नियुक्तीपत्र आल्यास त्या कंपनीच्या कार्यालयाशी स्वतः संपर्क साधून खात्री करावी. पत्रावर छापलेल्या दूरध्वनी क्रमांकावर विसंबू नये.

• पगार कंपनी देणार की एजन्सी, हे आधीच विचारावे. एजन्सीच्या पटावर नेमणूक असल्यास कराराची मुदत व भविष्य निर्वाह निधीची तरतूद समजून घ्यावी.

• परदेशातील नोकरीसाठी १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी झालेल्या एजंटाकडेच जावे. तेथे सेवाशुल्क घेतले जाते. परंतु त्यास कमाल मर्यादा आहे व पावती मिळणे हा आपला हक्क आहे.

• सार्वजनिक क्षेत्रातील बँकांत एजन्सीमार्फत कायम नोकरी मिळत नाही. लिपिक व अधिकारी पदांची भरती आयबीपीएस वा स्टेट बँकेच्या स्पर्धा परीक्षांतूनच होते.

• केंद्र सरकारच्या नॅशनल करिअर सर्व्हिस या संकेतस्थळावर २०१५ पासून विनामूल्य नोंदणी करता येते.

फसवणूक होऊन रक्कम गेलीच, तर संकोच न करता तत्काळ आपल्या शाखेस कळवावे व १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

कारागिराच्या मुलाने पुढे तिरुचिरापल्लीच्या एका एजन्सीत नाव नोंदविले. तिने शुल्क मागितले नाही; लेखाकर्माची चाचणी मात्र घेतली. दोनदा नकार आला. तिसऱ्या मुलाखतीनंतर कोइमतूरच्या एका कारखान्यात हिशेबनिसाची जागा मिळाली. पगार बेताचाच होता, पण नियुक्तीपत्र खरे होते. वडील ठेवीचे नूतनीकरण करावयास आले, तेव्हा ते पत्र त्यांनी पिशवीतून काढून मला दाखविले. "सार, हेही एकदा वाचून सांगा," ते म्हणाले. या वेळी मात्र ते हसत होते.