कुळगावला किती जीबी लागतील?

मी डेटाबेस सांभाळतो आणि कुळगावात राहतो. नवी यंत्रणा उभी करताना डिस्क किती घ्यायची, हा प्रश्न हटकून येतो आणि ‘आज आहे त्याच्या दुप्पट’ असं उत्तर ठोकून दिलं जातं. मला ते अजिबात पटत नाही.

आमच्या कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेचंच घेऊ. समजा, मालमत्ता कराचा नवा डेटाबेस करायचाय. हिशेबापुरत्या 1 लाख मालमत्ता धरू. मालक, पत्ता, क्षेत्रफळ, कर मिळून नोंदीला 1 केबी. मराठीला जागा जास्त लागते. ‘कुळगाव’ रोमन लिपीत 7 बाइट घेतं, देवनागरीत यूटीएफ-8 पद्धतीने 18. कारण काना-उकारासकट प्रत्येक चिन्हाला 3 बाइट. तरी सगळं 100 एमबीत बसतं. शोध पटकन लागावा म्हणून इंडेक्स केले, तिप्पट झालं, तरी किरकोळच.

खरी जागा खातात ती कागदपत्रं. खरेदीखत, सूची 2, भोगवटा प्रमाणपत्र अशी फायलीमागे 10 पानं स्कॅन केली, पानाला 300 केबी धरले, की झाले 300 जीबी. नोंदींच्या 3000 पट! त्यात कुणी कृष्णधवलऐवजी रंगीत स्कॅनिंग सुरू केलं की हा आकडाही कोलमडतो. म्हणून डिस्कची किंमत विचारण्याआधी स्कॅनिंग करणाऱ्या माणसाशेजारी तासभर बसावं, असं माझं ठाम मत आहे.

मग वाढ. 2001 साली लाखाच्या आत असलेलं शहर 2011 च्या जनगणनेत 1,74,226 वर गेलं. म्हणजे वर्षाला सुमारे 6 टक्के, तेही चक्रवाढीने. या वेगाने 12 वर्षांत दुप्पट. पण त्यानंतरची जनगणना लांबली. त्यापेक्षा बांधकाम परवानग्या मोजाव्यात. आज मंजूर झालेल्या इमारतीतला एकेक फ्लॅट उद्याची स्वतंत्र नोंद असतो.

सरासरीत न दिसणारी गोष्ट म्हणजे उल्हास नदी. 2005 आणि 2019 च्या जुलैत तिचं पाणी वस्त्यांत शिरलं. 2019 मध्ये तर महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान अडकली. पंचनाम्याचे फोटो याच यंत्रणेत ठेवायचे ठरले, तर 5000 घरं, घरटी 4 फोटो, फोटोला 3 एमबी: आठवड्यात 60 जीबी.

यावर बॅकअप वेगळा. तो दुसऱ्या ठिकाणी आणि पुराच्या पातळीच्या वर हवा.

निविदेत मी दोन गोष्टी लिहूनच घेईन. यंत्रणा बंद न करता डिस्क वाढवता यावी, आणि कुठलं टेबल किती वाढलं याचा तक्ता दरमहा मिळावा. सहा महिन्यांचे तक्ते हाती आले की सगळा अंदाज नव्याने मांडायचा.