व्होल्ट, अँपियर आणि बादलीभर गरम पाणी

डिसेंबर उजाडला की बेळगावात रूम करून राहणाऱ्या पोरापोरींच्या सामानात एक वस्तू हमखास येते : पाणी तापवायचा रॉड. निपाणी, चिकोडी, खानापूरहून शिकायला आलेल्यांना सकाळी सातचं लेक्चर असतं, आणि थंड पाण्याची बादली बघूनच अंगावर काटा येतो. मग रॉड बादलीत, पिन एक्स्टेन्शन बोर्डात. याच रॉडवर दहावीचा ओहमचा नियम पुन्हा एकदा समजून घेऊया. परीक्षेसाठी नव्हे, जिवासाठी.

आधी शब्द बघू, कारण मराठीने ते नेमके निवडलेत. तारेतून वाहते ती धारा. ती अँपियरमध्ये मोजतात. तिला ढकलतो तो दाब, म्हणजे व्होल्ट. गच्चीवरची टाकी जितकी उंच तितका नळाला जोर, तसंच हे. आणि धारेला अडवतो तो रोध, म्हणजे ओहम. विरोध, अवरोध, निरोध या शब्दांतला ‘रोध’ तोच. या तिघांचं नातं एका ओळीत मावतं :

रोध = दाब ÷ धारा

हे नातं शोधणारा गेओर्ग ओहम हा कुलपं बनवणाऱ्या कारागिराचा मुलगा. १८१७ पासून तो कोलोन शहरात, जेझुइट परंपरेतल्या एका शाळेत शिकवत होता. (आपल्या कॅम्पातलं सेंट पॉल्स ज्या संघाचं, तोच हा संघ.) शाळेच्या साधनांवरच त्याने प्रयोग केले आणि १८२७ मध्ये पुस्तक काढलं. सुरुवातीला त्याच्या देशातच त्याची फारशी कदर झाली नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीने कोप्ले पदक दिलं ते १८४१ मध्ये.

दुसरं सूत्र शक्तीचं. दर सेकंदाला किती ऊर्जा खर्च होते, ते वॉटमध्ये :

शक्ती = दाब × धारा

आता रॉड हातात घ्या. त्यावर लिहिलेलं असतं : २३० व्होल्ट, १५०० वॉट. धारा किती? १५०० ÷ २३० = सुमारे ६.५ अँपियर. रोध किती? २३० ÷ ६.५ = सुमारे ३५ ओहम. झालं गणित. पण आता बोर्डाकडे बघा. आपल्याकडचं लहान सॉकेट ६ अँपियरचं असतं, मोठं १६ चं. म्हणजे हा रॉड लहान सॉकेटच्या मर्यादेबाहेर गेला. त्याच बोर्डावर कुणी इस्त्री लावली तर विचारूच नका.

मर्यादा ओलांडली की बिघडतं काय? धारा सगळीकडून तेवढीच जाते : रॉडमधून, वायरमधून आणि पिनच्या सैल जोडातूनही. वरची दोन सूत्रं एकत्र केली की तिसरं मिळतं :

शक्ती = धारा × धारा × रोध

समजा सैल पिनेपाशी फक्त अर्धा ओहम रोध आहे. ६.५ × ६.५ × ०.५ = सुमारे २१ वॉट. आकडा किरकोळ वाटतो, पण रेडिओ दुरुस्तीवाल्याचा सोल्डरिंगचा गनही साधारण २५ वॉटचा असतो आणि तो धातू वितळवतो. तेवढी उष्णता प्लास्टिकच्या बोर्डात, टाचणीएवढ्या जागेत साठते. बोर्ड काळा पडणं, जळका वास येणं ही त्याचीच खूण. वास आला तर आधी मेन स्विच बंद करायचा, पिनेला हात नंतर.

दाब कमी झाला तर? आपल्याकडे खेड्यात संध्याकाळी ‘लाईट डिम’ होते. २३० चे १८० व्होल्ट झाले असं धरा. रॉडचा रोध तोच, ३५ ओहम. धारा उतरून सुमारे ५.१ अँपियर होते आणि शक्ती १८० × ५.१ म्हणजे जेमतेम ९२० वॉट. दाब पाऊणपट, पण शक्ती जवळजवळ साठ टक्क्यांवर, कारण दाबासोबत धाराही घटली. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ४५ वर न्यायला एरवी साडेसतरा मिनिटं लागतात, ती साडेअठ्ठावीस होतात. मोटारीचं मात्र उलटं. विहिरीवरचा पंप कमी दाबात जास्त धारा ओढतो आणि वाइंडिंग जळतं. म्हणून पंपाला हे साधं सूत्र जसंच्या तसं लावू नका.

बिलाचं काय? १००० वॉट एक तास चालले की एक युनिट. वरची बादली साधारण ०.४४ युनिट खाते, दाब कमी असो वा पुरता. चौघांच्या रूमवर रोज चार बादल्या म्हणजे महिन्याला सुमारे ५३ युनिट. गृहज्योती योजनेची कमाल मर्यादा महिन्याला २०० युनिट. त्यातला चौथा हिस्सा अंघोळीतच गेला! हे गणित निपाणीत हेस्कॉमच्या मीटरवर जसं, तसंच पलीकडे कागलात महावितरणच्या मीटरवर. दर बदलतो, नियम नाही.

शेवटचा हिशोब सगळ्यात महत्त्वाचा. ओल्या अंगाचा रोध हजार ओहमपर्यंत खाली येऊ शकतो. २३० ÷ १००० = ०.२३ अँपियर. जीव वाचवणारं गळती-स्विच ०.०३ अँपियरलाच पडतं, यावरून ओळखा हा आकडा किती घातक आहे. पाणी तापलं का बघायला बोट बुडवायची सवय असेल तर आधी बटण बंद करा, पिन काढा, मगच बोट. बादली प्लास्टिकची, पिन तीन पायांची, सॉकेट १६ अँपियरचं आणि अर्थिंग खरंच जोडलेलं. रूम घेताना भाडं आणि डिपॉझिट विचारतोच आपण. घरमालकांना हे चार प्रश्नही विचारायला लाजू नका.