वाळूचें रबर : सिलिकोन

तासगांवकडील द्राक्षमळ्यांत फवारणीच्या वेळीं औषधाच्या पाण्यांत एका द्रवाचा अगदीं थोडा अंश मिसळतात. बागाईतदार त्यास स्प्रेडर म्हणतात. त्यायोगें थेंब गोळा होऊन न राहतां पानभर पसरतो. प्रमाण अधिक झालें तर मात्र औषध ओघळून मातींत जातें. अशा स्प्रेडरांपैकीं पुष्कळ सिलिकोन वर्गांतील असतात. केकचा लवचीक सांचा, बाळाच्या बाटलीचें निपल, मोरीच्या कडेस भरलेली पांढरी रबरी पट्टी, हीं त्याच घराण्यांतील होत. हें सारें वाळूपासून होतें, सबब वाळूइतकेंच निरुपद्रवी, असें विक्रेते सांगतात. आमच्या मतें हें अर्धसत्य आहे.

वाळू म्हणजे बहुतांशीं सिलिका. सिलिकॉन हें मूलद्रव्य आणि प्राणवायु यांचा संयोग. सातारा जिल्ह्यास तिचें परिचित रूप म्हणजे काच. कऱ्हाडनजीक ओगलेवाडीस १९१६ सालीं ओगले बंधूंनीं काच कारखाना काढला, आणि पुढें तेथील प्रभाकर कंदील घरोघर गेला. काचेंत सिलिकॉनचा अणु चहूंकडून प्राणवायूशीं जखडलेला असतो, म्हणून ती कठीण व ठिसूळ. सिलिकोनचा कणाहि सिलिकॉन व प्राणवायु यांचाच. परंतु प्रत्येक सिलिकॉनच्या चार हातांपैकीं दोन मेथिल नामक कर्बयुक्त गटांनीं अडविलेले असतात. त्यामुळें सांखळ्या एकमेकींवरून सहज घसरतात. त्या आंखूड असतां तेल मिळतें. लांब सांखळ्यांस अधूनमधून गांठी मारल्या कीं रबर होतें. तें २०० अंश उष्णतेंतहि टिकतें.

नांवाची हकीकत मौजेची आहे. इंग्लंडांतील किपिंग यांना हे पदार्थ कीटोन वर्गासारखे वाटले. त्यावरून १९०१ च्या सुमारास हें नांव पडलें. साम्य खोटें ठरलें, नांव टिकलें.

आतां कृति. गारगोटीचा दगड व कोळसा विजेच्या भट्टींत सुमारें २००० अंशांपर्यंत तापवितात. प्राणवायु कर्बाबरोबर निघून जातो व करडा सिलिकॉन उरतो. त्याची पूड तांब्याच्या सान्निध्यांत सुमारें ३०० अंशांवर ठेवून तीवरून मेथिल क्लोराइड वायु सोडतात. ही युक्ति अमेरिकेंत रॉको यांनीं १९४० सालीं शोधली. यांतून द्रवांचें मिश्रण मिळतें. हवा तो द्रव ७० अंशांवर उकळतो, नको तो ६६ अंशांवर! चार अंशांच्या या फरकावर उंच मनोऱ्यांतून ते वेगळे करावे लागतात. नको तो राहिल्यास सांखळीस नको तेथें फांद्या फुटतात. शेवटीं पाण्याशीं संयोग होऊन सांखळ्या बनतात. सुटलेलें हायड्रोक्लोरिक आम्ल मेथिल क्लोराइड करण्यास पुन्हां उपयोगी पडतें.

म्हणजे वाळूबरोबर कोळसा आला, अतोनात वीज आली, आणि मेथिलसाठीं लागणारें मेथॅनॉलहि आलें. तें बहुधा नैसर्गिक वायु किंवा कोळशापासूनच करतात. शिवाय कंदिलाची चिमणी फुटली तर तिचे तुकडे भट्टींत घालून पुन्हां काच करतां येत असे. सिलिकोन रबर एकदां गांठींनीं बांधलें गेलें कीं वितळत नाहीं. जुना केकचा सांचा भंगारवालाहि सहसा घेत नाहीं.