बहिऱ्या महिन्याची गोष्ट

महिना कधी बहिरा असतो का? अरबस्तानात एक होता! त्याचं नाव रज्जब. जुने अरब लोक त्याला ‘बहिरा रज्जब’ म्हणायचे, कारण त्या महिन्यात शस्त्रांचा खणखणाट कानावर पडतच नसे. रज्जबची चंद्रकोर दिसली, की भाल्याबाणांची लोखंडी टोकं उपसून बाजूला ठेवायची. हातात उरायच्या नुसत्या काठ्या.

ही गोष्ट चौदाशे वर्षांहून जुनी. मक्केच्या आसपासच्या वाळवंटात तेव्हा ना राजा होता, ना पोलीस. टोळ्या एकमेकींवर धाडी घालत, उंट पळवत, आणि एकेक वैर पिढ्यान्‌पिढ्या चाले. मग काबागृहाच्या यात्रेला जायचं कसं? व्यापाराचे तांडे न्यायचे कसे? म्हणून वर्षातले चार महिने लढाईला बंदी असायची : जिल्काद, जिल्हेज, मोहरम आणि रज्जब. जिल्काद म्हणजे बसून राहण्याचा महिना. मोहरम म्हणजे मनाई असलेला.

पहिले तीन एकाला एक लागून येतात. का, ओळखा पाहू! हजची यात्रा असते जिल्हेजमध्ये. उंटावरून यायला एक महिना, यात्रेला एक आणि सुखरूप घरी परतायला एक. रज्जब मात्र एकटाच, वर्षाच्या मध्यावर. तेव्हा लोक उमरा, म्हणजे छोटी यात्रा, करायला येत. आणि हो, रमजान या चारांत नाही बरं का! त्याचा मान मोठा आहे, पण तो रोज्यांमुळे आणि कुराणामुळे.

सलग तीन महिने न लढणं काहींना फार जड जाई. मग यात्रेच्या गर्दीत एक जण जाहीर करायचा, यंदा मोहरमची बंदी उठली, त्याऐवजी पुढचा सफर महिना पाळू! चार महिन्यांचा हिशेब पुरा आणि लढायलाही मोकळे. मला ही युक्ती मुळीच आवडत नाही. बंदीचा महिनाच सरकवला, तर वाटेत असलेल्या यात्रेकरूनं भरवसा कशावर ठेवायचा? कुराणानं ही सरकवासरकव चुकीची ठरवली. इ.स. ६३२ मध्ये आपल्या अखेरच्या हजच्या वेळी मुहम्मद पैगंबरांनीही सांगितलं, की वर्षाचे महिने बारा आणि त्यांतले चार पवित्र. या चार महिन्यांत केलेल्या भल्याबुऱ्याचं वजन जास्त असतं, असं मुसलमान आजही मानतात.

पण छापील कॅलेंडर नसताना महिना लागल्याचं कळायचं कसं? सूर्य मावळला की पश्चिमेला बघायचं. वैरी टोळ्या एकमेकींशी बोलत नसत, पण चंद्रकोर दोघींनाही दिसायची!

चंद्र पृथ्वीभोवती सुमारे २७ दिवसांत फिरतो. तेवढ्यात पृथ्वीही सूर्याभोवती पुढे सरकलेली असते. त्यामुळे चंद्राला आणखी दोनेक दिवस धावावं लागतं, तेव्हा कुठे नवी कोर दिसते. म्हणून महिना कधी २९ दिवसांचा, कधी ३० दिवसांचा. असे बारा महिने म्हणजे ३५४ दिवस, सूर्याच्या वर्षापेक्षा ११ कमी. आपल्या पंचांगात अधिक महिना घालून ही तूट भरतात, म्हणून दिवाळी पावसाळ्यानंतरच येते. इस्लामी कालगणनेत अधिक महिना नाही.

आणि हे महिने दरवर्षी ११ दिवस मागे सरकल्यानं काय गंमत होते पाहा! २०२५ मध्ये रज्जब चक्क दोनदा लागला, जानेवारीच्या सुरुवातीला आणि पुन्हा डिसेंबरच्या उत्तरार्धात. इथून पुढे तो दिवाळीच्या दिवसांत जाईल, मग पावसात भिजेल, मग मे महिन्याच्या उन्हात तापेल. फिरत फिरत तो डिसेंबरअखेरच्या थंडीत परत येईल, तेव्हा २०२५ मध्ये दहा वर्षांची असलेली मुलं बेचाळीस-त्रेचाळीस वर्षांची झालेली असतील.