धावत आलेला बाप आणि पोलंडची जोगीण

वसईत किंवा गोव्यात कॅथलिक घरी गेलात तर एक चित्र बऱ्याचदा दिसते. येशूचा एक हात आशीर्वादासाठी उचललेला, दुसरा छातीशी आणि तिथून निघालेले दोन झोत, एक तांबडा, एक फिकट. हे चित्र पोलंडचे, आणि शंभर वर्षांचेही नाही.

हेलेना कोवाल्स्का १९०५ साली शेतकऱ्याच्या घरात जन्मली. दहा भावंडांतली तिसरी. शाळा जेमतेम तीन वर्षे, मग लोकाघरची धुणीभांडी. विसाव्या वर्षी मठात गेली आणि सिस्टर फाउस्टिना झाली. कामे तिथेही स्वयंपाकाची, बागेची, दरवाजा राखण्याची. २२ फेब्रुवारी १९३१ रोजी प्वॉत्स्कच्या मठात आपल्याला येशूचे दर्शन झाले आणि ते रूप रंगवून घेण्याची आज्ञा झाली, असे तिने रोजनिशीत लिहिले. १९३४ मध्ये चित्रकार काझिमिरोव्स्की यांनी ते तेव्हा पोलंडमध्ये असलेल्या विल्नो शहरात रंगवले. पाहून ती रडली; पाहिलेल्या रूपाची सर त्याला नव्हती.

ते झोत म्हणजे क्रुसावरच्या येशूच्या कुशीत भाला खुपसल्यावर वाहिलेले रक्त आणि पाणी; चित्राचा विषय देवाची दया. ख्रिस्ती श्रद्धेत पाप हलके मानत नाहीत, पश्चात्ताप लागतोच. पण क्षमा ही पश्चात्तापाची मजुरी नव्हे. येशूने सांगितलेल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्यात सगळे उडवून घरी परतणारा मुलगा अजून दूर असतानाच बाप धावत सुटतो. मुलाची कबुली त्यानंतर येते. घरी राबलेला थोरला भाऊ यावर चिडतो, आणि खरे सांगायचे तर आपल्यातले बहुतेक जण त्याच्याच बाजूचे असतात.

फाउस्टिना १९३८ मध्ये ३३व्या वर्षी क्षयाने वारली. १९५९ साली रोमने तिच्या पद्धतीच्या भक्तीचा प्रसार थांबवला. रोजनिशीची सदोष भाषांतरे हे त्याचे कारण सांगितले जाते. क्राकूवचे आर्चबिशप करोल वोयतिवा यांनी तिच्या चरित्राची आणि लेखनाची रीतसर चौकशी करवली. बंदी उठली एप्रिल १९७८ मध्ये. त्याच वर्षी ऑक्टोबरात वोयतिवा पोप जॉन पॉल दुसरे झाले. १९८० मध्ये त्यांनी देवाच्या दयेवर विश्वपत्र लिहिले आणि ३० एप्रिल २००० रोजी फाउस्टिनाला संत घोषित केले. ईस्टरनंतरचा रविवार तेव्हापासून जगभर दैवी दयेचा.

दुपारी तीनला, येशूच्या मृत्यूच्या घटकेला, चित्रापुढे हात जोडणारे पुष्कळ आहेत. या भक्तीची रोजनिशीतली दुसरी अट मात्र कमी सांगितली जाते: शेजाऱ्यावर दया करायची. आधी कृतीने, मग शब्दाने, आणि तेही जमले नाही तर प्रार्थनेने.